येऊरचा जड गिअर आणि जिममधला स्क्वाट

पायांत ताकद यावी म्हणून ठाण्यातले अनेक सायकलस्वार उपवनवरून येऊरचा चढ मुद्दाम जड गिअरवर, पेडलच्या मिनिटाला जेमतेम 50 फेऱ्या मारत चढतात. एवढे केल्यावर मांड्यांचा व्यायाम चढावरच झाला, वेगळी वजने उचलायची गरज उरली नाही, असे त्यांना वाटते. चढावर आणि जिममध्ये मांड्या सारख्याच भरून येत असल्यामुळे हा समज स्वाभाविक आहे. तरीही हे दोन व्यायाम शरीराकडून निराळ्या गोष्टी मागतात आणि एकाच्या जागी दुसरा चालत नाही.

पेडलवर प्रत्यक्षात किती जोर पडतो ते पाहिले की फरक लक्षात येतो. 170 मिलिमीटरचा क्रँक, म्हणजे पेडल ज्याला जोडलेले असते तो दांडा, असलेल्या सायकलवर 200 वॉट शक्ती लावून मिनिटाला 90 फेऱ्यांनी पेडल मारले, तर फिरण्याच्या दिशेने पडणारा सरासरी जोर सुमारे 13 किलो वजनाइतका असतो. तेवढ्याच शक्तीने 50 फेऱ्यांवर आले की तो सुमारे 23 किलो होतो. क्रँक आडवा असताना, म्हणजे पाय खाली दाबण्याच्या ऐन क्षणी, हा जोर सरासरीच्या दुपटीइतका होतो असे धरले, तरी तो 46 किलोच्या आसपास थांबतो. याचा अर्थ असा की जड गिअरवर धापा टाकत चढणारा 70 किलोचा माणूस साधा जिना चढताना एका पायावर जेवढा भार घेतो, त्याहून कमी जोर पेडलवर लावत असतो. चढ अवघड वाटतो तो एका फेरीतल्या जोरामुळे नव्हे, तर तो जोर पंधरा मिनिटांत प्रत्येक पायाने साडेसातशे वेळा लावावा लागतो म्हणून.

स्क्वाटमध्ये, म्हणजे वजन घेऊन मारलेल्या बैठकांमध्ये, परिस्थिती नेमकी उलट असते. स्वतःच्या वजनाखेरीज खांद्यावर वजनांनी भरलेला लोखंडी बार असतो, चौथ्या-पाचव्या वेळी उठताना तो अर्ध्यावर अडू लागतो आणि सहाव्यानंतर उठताच येत नाही. एवढ्या भाराला स्नायूंतले राखीव तंतूही कामाला लागतात. कमाल ताकद वाढली की पेडलवरचा तोच जोर त्या कमाल ताकदीच्या तुलनेत लहान ठरतो, संथ आकुंचन पावणारे चिवट तंतू जास्त वेळ टिकतात आणि लवकर दमणाऱ्या तंतूंची पाळी उशिरा येते. फायद्याचे कारण मुख्यतः हेच असावे, असे मानले जाते. हलके वजन घेऊन तीस-चाळीस रेप्स, म्हणजे त्याच हालचालीच्या आवृत्त्या, मारण्यात मात्र सायकलस्वाराला फारसा अर्थ नाही, कारण तसले काम पेडलवर आधीच भरपूर झालेले असते.

नॉर्वेतील बेंट रोनेस्टाड आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सरावलेल्या सायकलस्वारांनी 12 आठवडे, आठवड्यातून दोनदा, पायांचा जड वजनांचा व्यायाम केला. त्यानंतर त्यांना 185 मिनिटे सायकल चालवायला लावून शेवटी 5 मिनिटे जीव तोडून पेडल मारायला सांगितले, तेव्हा त्या 5 मिनिटांतली त्यांची शक्ती आधीपेक्षा सुमारे 7 टक्क्यांनी वाढलेली आढळली. केवळ सायकल चालवणाऱ्या गटात तशी वाढ दिसली नाही. मला यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटते ती हा फायदा दिसण्याची वेळ. पामबीच रोडवर सकाळी तासभर सायकल चालवणाऱ्याला तो कदाचित जाणवणारही नाही. पण पनवेलवरून खोपोलीपर्यंत सपाट रस्ता तुडवून झाल्यावर, पाय शिणलेले असताना जेव्हा बोरघाट सुरू होतो, तेव्हा तो उपयोगी पडतो.

वजनांनी ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता मात्र वाढत नाही. त्यासाठी सायकलच चालवावी लागते. जड गिअरचेही स्वतःचे स्थान आहे: संथ गतीतही पेडल सलग, झटके न देता फिरवण्याची सवय त्यातून लागते आणि ती तीव्र चढावर कामी येते. गुडघा दुखत असेल तर मात्र हा सराव ताबडतोब थांबवावा.

जिममुळे शरीराचे वजन वाढेल ही भीती बहुधा अनाठायी असते, कारण भरपूर सायकल चालवणाऱ्याच्या अंगावर स्नायू सहजासहजी चढत नाहीत. हाडांचा विचार मात्र गांभीर्याने करायला हवा. सायकलवर शरीराचा भार सीट आणि हँडल पेलतात, पाठीच्या कण्याला दणके बसत नाहीत, आणि वर्षानुवर्षे फक्त रोड सायकलच चालवणाऱ्यांच्या कण्याच्या हाडांची घनता कमी आढळते. चाळिशी उलटलेल्या सायकलस्वाराने, विशेषतः स्त्रियांनी, एवढ्या एका कारणासाठीसुद्धा बार हाती घ्यावा, असे मला मनापासून वाटते.

आपल्याकडे घोडबंदर रोडची पावसाळ्यात जी अवस्था होते ती पाहता, जून ते सप्टेंबर हा काळ जिमसाठी आपोआपच मोकळा मिळतो. पहिले दोन-तीन आठवडे हलक्या वजनावर फक्त स्क्वाट आणि डेडलिफ्टची (जमिनीवरचा बार उचलून उभे राहण्याची) ढब जाणकार ट्रेनरकडून पक्की करून घ्यावी, मग हळूहळू चार ते दहा रेप्समध्ये पाय थकतील इतक्या वजनापर्यंत जावे आणि जिमच्या दोन दिवसांमध्ये किमान 48 तासांचे अंतर ठेवावे. सुरुवातीला पाय दोन-तीन दिवस ठणकतात, म्हणून मोठ्या राइडच्या आदल्या दिवशी बारला हात लावू नये. हिवाळ्यात लांबच्या राइड सुरू झाल्या की आठवड्यातून एकदा जिमला गेले तरी कमावलेली ताकद बरीचशी टिकते.