कॅम बदलला की गाडी आयडलला का डुलते, त्यामागचा इतिहास

कोल्हापूरच्या उद्यमनगरातून कॅम, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा शाफ्ट, री-ग्राइंड करून (घासून आकार बदलून) आणलेली मारुती एस्टीम स्टार्ट केली की बाजूचा एकजण तरी म्हणणारच, "मिसिंग मारतीय, प्लग बघ जरा." मालक मात्र खुशीत असतो, आवाज नादखुळा झालाय म्हणून. तसं बघितलं तर दोघंही बरोबर आहेत, कारण ते खरंच मिसिंग असतंय, फक्त प्लगमुळं नाही.

जळका गॅस बाहेर सोडणारा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पूर्ण बसायच्या आधीच नवीन मिक्श्चर आत घेणारा इनटेक उघडायला लागतो, त्या मधल्या काळाला ओव्हरलॅप म्हणतात. 6000 आरपीएमला हा ओव्हरलॅप लई कामाचा, बाहेर पळणारा गॅस नवीन मिक्श्चरला आत ओढून घेतो. पण आयडलला, म्हणजे गाडी उभी आणि एक्सलेटर सोडलेला असताना, 800 ला थ्रॉटल जवळजवळ बंद, इनटेक मॅनिफोल्डमध्ये (आत हवा नेणाऱ्या नळ्यांत) जोरदार व्हॅक्यूम, मग जळका गॅस बाहेर जायच्या ऐवजी उलटा आत येतो आणि पुढच्या चार्जमध्ये मिसळतो. एक स्ट्रोक नीट पेटतच नाही, पुढचा जोरात पेटतो, हेच ते डुलणं. आपल्याकडं आरएक्स 100 चं आयडल पण असंच तुटक असतंय आणि तिथं तर टू-स्ट्रोक असल्यामुळं कॅमच नाही, तरी कारण तेच, सिलिंडरमध्ये उरलेला जळका गॅस.

कॅम घासून घ्यायचा नाद जुना आहे. अमेरिकेत 1932 ला फोर्डचा फ्लॅटहेड व्ही8 आला, नंतर कॅलिफोर्नियातली पोरं त्याचे कॅम घासून घ्यायला लागली. 1967 च्या शेव्हरोले कॅमॅरो झेड/28 मध्ये तर कंपनीनंच रेसिंगच्या 5 लिटर लिमिटमध्ये बसणारं 302 क्युबिक इंचाचं इंजिन दिलं. त्याच्या कॅमला 30-30 म्हणायचे, कारण इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्हीकडं टॅपेट गॅप, म्हणजे व्हॉल्व्ह बंद असताना ठेवलेली फट, 30 थाउ (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग). अमेरिकन गाड्यांच्या व्हिडिओत ऐकतो तो ढब-ढब आवाज अशा व्ही8 चा, त्यांच्या फायरिंग ऑर्डरमुळं (सिलिंडर पेटायच्या क्रमामुळं) तो तसा येतो. चार सिलिंडरच्या गाडीतून तो निघणारच नाही, कितीही मोठा कॅम घाला.

आता खरा घोळ ड्युरेशनचा, म्हणजे व्हॉल्व्ह किती अंश उघडा राहतो त्याचा. कॅमच्या कार्डावर 280 अंश लिहिलेलं असतंय, पण व्हॉल्व्ह किती उचलल्यावर मोजायला सुरुवात केली? कुणी 6 थाउला मोजायचा, कुणी 20 ला, कुणी 1 मिलिमीटरला, त्यामुळं दोन दुकानांचे आकडे कधी जुळायचेच नाहीत. मग अमेरिकेत 50 थाउला, म्हणजे टॅपेट (कॅमवर टेकलेला, व्हॉल्व्हला ढकलणारा भाग) 1.27 मिलिमीटर उचलला की मोजायचं, असं रूढ झालं. सोयीचं आहे यात वाद नाही. सुरुवातीला लोब, म्हणजे कॅमचा उंचवटा, इतका सावकाश चढतो की डायल गेजचा काटा केसभर हलला तरी डिग्री व्हीलवर (अंश मोजायच्या चकतीवर) कितीतरी अंशांचा फरक पडतो, 50 ला तो प्रश्न येत नाही.

पण आयडलच्या दृष्टीनं हा आकडा अर्धवट आहे असं माझं ठाम मत आहे. समजा दोन कॅम आहेत, दोन्हीवर 50 थाउला 230 लिहिलंय, लोब सेपरेशन (इनटेक आणि एक्झॉस्ट लोबच्या टोकांमधला कोन) पण दोन्हीकडं 110. एक 6 थाउला 274 भरतो, दुसरा 292. पहिल्याचा ओव्हरलॅप 54 अंश, दुसऱ्याचा 72. कार्डावर जुळे भाऊ, आणि गाडीत एक शांत उभा राहतो तर दुसरा हेडलाइट लावला की बंद पडायला बघतो, कारण जळका गॅस उलटा यायला व्हॉल्व्ह थोडासा उघडा असला तरी पुरतो. टॅपेट गॅप पण यातच मोडतो, गॅप टाइट केला की ड्युरेशन वाढतं आणि आयडल बिघडतं, ढिला केला की थोडं सुधारतं. 30-30 वाल्यांना हे चांगलं माहीत होतं.

आपल्याकडं री-ग्राइंड म्हणजे स्टॉक कॅमचाच बेस सर्कल (लोब सोडून उरलेला गोल भाग) घासून लिफ्ट वाढवायची, मटेरियल काढता येतं, घालता येत नाही. कार्ब्युरेटरवाल्या 8 व्हॉल्व्ह एस्टीमला रॉकरवर टॅपेट गॅपचा स्क्रू असल्यामुळं वाढलेला गॅप भरून निघायचा आणि आयडल स्क्रू 1000-1100 ला चढवला की काम व्हायचं. 2000 च्या आसपास एमपीएफआय, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी कॉम्प्युटरनं पेट्रोल सोडणारी सिस्टीम, आलं आणि खरी गंमत सुरू झाली. स्टॉक इंजिन आयडलला 18-20 इंच (पाऱ्याचे) व्हॅक्यूम ओढतं, मोठ्या कॅमला ते 10-12 वर येतं. मॅनिफोल्डचं प्रेशर मोजणाऱ्या मॅप सेन्सरला वाटतं इंजिनवर लोड आलाय, मग ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) पेट्रोल वाढवतो, रेस आपोआप वर-खाली व्हायला लागते, आणि ब्रेक बूस्टरला व्हॅक्यूम कमी पडल्यामुळं पेडल कडक होतं. हे शेवटचं कुणी हलक्यात घेऊ नका, गाडी घेऊन आंबा घाट उतरायचा असेल तर आधी बूस्टर बघा. पीयूसीचा प्रश्न वेगळाच, बीएस-4 ला आयडलवर सीओ (कार्बन मोनॉक्साइड) 0.3 टक्के आणि एचसी (न जळलेलं पेट्रोल) 200 पीपीएमच्या आत पाहिजे, आणि न पेटलेला प्रत्येक स्ट्रोक एचसीतच जमा होतो.

कंपन्यांनी यातून वाट आधीच काढली होती. 1989 ला जपानमध्ये होंडाच्या इंटेग्रात व्हीटेक आलं, एकाच शाफ्टवर आयडलसाठी छोटा लोब आणि वरच्या आरपीएमसाठी मोठा, 1.6 लिटरमधून 160 पीएस आणि आयडल एकदम गप्प. आता साध्या स्विफ्टच्या इंजिनात पण व्हीव्हीटी, म्हणजे चालू इंजिनात कॅमचं टायमिंग बदलायची सोय, आहे, आयडलला इनटेक कॅम मागं सरकून ओव्हरलॅप कमी करतो.

आणि आता उलटं सुरू झालंय. स्टॉक कॅम तसाच ठेवून ईसीयूत आयडल खाली आणायचं, इग्निशन टायमिंग मागं-पुढं नाचवायचं, की गाडी मोठा कॅम असल्यासारखी डुलते. याला घोस्ट कॅम म्हणतात. पॉवर काडीचीही वाढत नाही, आणि आरपीएम फार खाली नेला तर ऑइल प्रेशर कमी होऊन बेअरिंगवर येतं. ज्यानं डिग्री व्हील लावून खरा कॅम बसवलाय त्याच्या शेजारी ही गाडी उभी केली तर कानाला फरक कळेलच असं नाही, पण व्हॅक्यूम गेज लावा, लगेच कळतंय.