स्टेपच्या फळीवरचा पन्हाळा

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या आमच्या सकाळी सहाच्या व्यायामाच्या बॅचला वीसेक बायका असतात. कधी झुंबा, कधी स्टेप, म्हणजे गाण्याच्या ठेक्यावर एका फळीवर चढउतार. परवा घाम पुसत एका ताईंनी विचारलं, "तासात हजार कॅलरी जातात म्हणे, खरं काय ओ?" इतक्या पहाटे उठून येणाऱ्या बाईला खरा आकडा कळायलाच हवा, असं मला मनापासून वाटतं.

स्टेपचंच बघू. फळी 20 सेंटीमीटर उंच. गाण्याचा ठेका मिनिटाला 128. चार ठेक्यांत एकदा चढउतार, म्हणजे मिनिटाला 32 वेळा चढणं. न थांबता तासभर केलं तर 1,920 वेळा, म्हणजेच 384 मीटर चढाई. पन्हाळा कोल्हापूरपेक्षा सुमारे 400 मीटर उंच आहे. पंख्याखाली, एकाच जागी उभं राहून आपण जवळजवळ पन्हाळा चढतो!

60 किलोची बाई एका वेळी 20 सेंटीमीटर वर उचलायला साधारण 118 जूल लागतात. पण स्नायूंना मिळालेल्या ऊर्जेतली जेमतेम चौथाई कामी येते, उरलेली उष्णता होऊन जाते. त्यामुळे नुसत्या चढण्यालाच मिनिटाला साडेतीन कॅलरी लागतात. (रोजच्या बोलण्यातली कॅलरी म्हणजे खरं तर किलोकॅलरी.) खाली उतरताना तोल सांभाळणं, हात फिरवणं आणि शरीराचा नेहमीचा खर्च हे सगळं वेगळं.

प्रयोगशाळेत हा सगळा खर्च श्वासावरून मोजतात. तोंडाला मुखवटा लावून व्यायाम करायला सांगतात आणि किती ऑक्सिजन वापरला ते बघतात. 1 लिटर ऑक्सिजनमागे सुमारे 5 कॅलरी. श्वसन हे एक संथ ज्वलन आहे, हे लाव्हाझिए आणि लाप्लास या फ्रेंच शास्त्रज्ञांनी 1780 च्या दशकात गिनीपिग बर्फाच्या उपकरणात ठेवून दाखवलं होतं. आजची मोजणी त्याच विचारावर उभी आहे.

अशा मोजण्यांतून मेट हे माप आलं. स्वस्थ बसणं म्हणजे 1 मेट, किलोमागे तासाला साधारण 1 कॅलरी. हलकं एरोबिक्स 5 मेट, उड्यांचं 7.3, 20 सेंटीमीटरची स्टेप 7.5, स्पिनिंगचा (जागच्या जागी चालवायच्या सायकलचा) वर्ग 8.5. स्पिनिंगमध्ये मात्र वजन सीटवर टेकलेलं असतं, त्यामुळे पेडलचा जोर वाढवणारा नॉब सैल ठेवला तर हा आकडा हाती लागत नाही.

आता ताईंचा हिशोब. वजन 60 किलो, 40 मिनिटं खरी स्टेप: 300 कॅलरी. वॉर्मअप आणि शेवटचं स्ट्रेचिंग मिळून 20 मिनिटं, त्याच्या सुमारे 60. एकूण 360. पण त्या तासात घरी बसून राहिल्या असत्या तरी 60 गेल्याच असत्या. म्हणजे व्यायामाची खरी कमाई 300. हजार हव्या असतील तर तासभर 16 मेटच्या वर राहावं लागेल, आणि ताशी 16 किलोमीटर वेगाने धावणंसुद्धा 14.5 मेटच आहे.

हातातल्या घड्याळाचं काय? 2017 मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी मनगटावरची सात उपकरणं तपासली. नाडी बहुतेकांनी नीट मोजली. पण कॅलरीच्या बाबतीत सगळ्यात बरं उपकरणही सरासरी 27 टक्के चुकलं, सगळ्यात वाईट 93 टक्के. उकाड्यानेही नाडी वाढते आणि घड्याळाला ती मेहनत वाटते. घामाचंही तसंच: एप्रिलमध्ये पंखा बंद पडला की घाम दुप्पट येतो, चढाई तेवढीच राहते.

वजन उतरलं की खर्चही उतरतो, कारण उचलायचं ओझंच कमी झालेलं असतं. तीन महिन्यांनी "पूर्वीसारखं वजन उतरत नाही" म्हणून हिरमुसणाऱ्या मैत्रिणींना मी हे आवर्जून सांगते. गुडघे ठणठणीत असतील तर फळी 30 सेंटीमीटरवर न्यावी, तिथे 9.5 मेट मिळतात. गुडघे कुरकुरत असतील तर फळी आहे तेवढीच ठेवून दहा मिनिटं जास्त करावीत. ताईंनी दुसरा पर्याय घेतलाय.