बुटावरचा रंग काढायचाय? आधी तो वाळला कसा ते बघा

दिवाळीच्या आधी घरी रंगकाम काढलं होतं, भिंतींना प्लास्टिक पेंट, गेटला हिरवा ऑइल पेंट आणि मागच्या कंपाउंडला साधा चुना, आणि तिन्हीचे शिंतोडे माझ्या एकाच कॅनव्हासच्या बुटांवर उडाले. चार-पाच दिवसांनी टर्पेंटाइनची बाटली घेऊन बसलो, घासघास घासलं, पण एकही डाग हलेना. मग जरा खोलात गेलो तेव्हा कळलं की आपण तिन्हीला 'वाळला' म्हणतो खरं, पण तीन ठिकाणी तीन वेगळ्याच गोष्टी घडलेल्या असतात.

चुन्याचं सगळ्यात सोपं. भिजवलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत कॅल्शियम कार्बोनेट होतो, म्हणजे शहाबादी फरशी ज्या दगडाची असते तोच पदार्थ. त्यावर व्हिनेगरचे चार थेंब टाका, बारीक बुडबुडे येतात, घेतलेला कार्बन डायऑक्साइड परत बाहेर पडतो आणि डाग धुतला जातो.

प्लास्टिक पेंट म्हणजे इमल्शन. हा डब्यात दुधासारखा असतो, पाण्यात अ‍ॅक्रिलिकचे अगदी बारीक कण तरंगत असतात, पाणी उडालं की कण एकमेकांवर दाबले जाऊन त्यांचा सलग पापुद्रा होतो आणि मग तो पाण्याने परत विरघळत नाही. पण हे कण एकमेकांना नुसते बिलगलेले असतात, रासायनिक गाठ फारशी पडलेली नसते, म्हणून अल्कोहोल आत शिरलं की पापुद्रा ढिला पडतो. घरातलं सॅनिटायझर इथे मस्त चालतं, जेलवालं असेल तर अजून बरं कारण ते लगेच उडून जात नाही. कापूस भिजवून डागावर पाच मिनिटं दाबून ठेवला तर आधी कडा किंचित उचलल्या जातात, मग मधला भाग रबरासारखा लिबलिबीत होतो आणि नखाने पूर्ण खपली निघते. विणीत राहिलेलं जुन्या टूथब्रशने आणि साबणाच्या कोमट पाण्याने काढायचं. बुटाचा स्वतःचा रंगही अल्कोहोलने सुटू शकतो, म्हणून आधी बुटाच्या जिभेच्या, म्हणजे लेसखालच्या पट्टीच्या, आतल्या बाजूला लावून बघा.

रबरी सोलवर पडला असेल तर दुसरी युक्ती, बूट पिशवीत घालून दोन-तीन तास फ्रीझरमध्ये. उणे 18 अंशाला अ‍ॅक्रिलिकचा पापुद्रा काचेसारखा ठिसूळ होतो, पण नैसर्गिक रबर उणे 50 लाही लवचिक असतं, त्यामुळे बाहेर काढून सोल वाकवला की रंग तडकतो आणि टकटक उडतो.

खरी अडचण ऑइल पेंटची. तो वाळतो म्हणजे थिनर उडून जातं तेवढंच नाही, त्यातलं तेल हवेतला ऑक्सिजन शोषून घेतं आणि रेणूंना रेणू जोडले जाऊन त्यांचं जाळं तयार होतं. जवसाच्या तेलाचा नुसता पातळ थर वाळायला ठेवला तर सुरुवातीला त्याचं वजन कमी व्हायच्या ऐवजी वाढतं, ते याच ऑक्सिजनमुळे! कढईच्या बाहेरून जो तपकिरी चिकट थर बसतो आणि काही केल्या निघत नाही, तो अशाच प्रकारे जोडल्या गेलेल्या तेलाचा असतो. म्हणून टर्पेंटाइन रंग ओला असेपर्यंतच कामाचं, एकदा जाळं विणलं गेलं की ते विरघळत नाही, कडक थिनरने फार तर फुगतं. आणि असं थिनर किंवा अ‍ॅसिटोनवालं नेलपेंट रिमूव्हर बुटाला लावूच नका असं माझं स्पष्ट मत आहे, कारण सोल चिकटवलेला गोंदही त्याने सुटतो आणि चामड्याच्या बुटाची चकाकी म्हणजे बऱ्याचदा अ‍ॅक्रिलिक किंवा पॉलियुरेथेनचाच पातळ थर असतो, डागाआधी तोच निघून येईल. शिवाय ही द्रव्यं भुर्रकन पेट घेतात, गॅसजवळ तर अजिबात नको.

त्यामुळे ऑइल पेंट खरवडूनच काढायचा. गुळगुळीत रबरावर नखाने किंवा जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने निघतो, माझ्या बुटाच्या रबरी टोकावरचा असाच निघाला. कॅनव्हासवर मात्र रंग धाग्यांना वेढून बसलेला असतो, वरची खपली गेली तरी आतला राहतो. चुना आणि प्लास्टिक पेंट पूर्ण गेले, डाव्या बुटावर गेटच्या हिरव्या रंगाचे दोन ठिपके अजून आहेत.