मेंगर स्पंज

मेंगर स्पंज : घनातून ठरावीक नियमाने भाग वगळत गेल्यास अखेरीस उरणारा त्रिमितीय फ्रॅक्टल (लहान भागांत मूळ आकाराचीच पुनरावृत्ती असणारी आकृती). मेंगर वक्र किंवा सार्वत्रिक वक्र ही त्याचीच नावे. काही ग्रंथांत तो सिअरपिन्स्की स्पंज म्हणून येतो. ते नाव टाळलेले बरे. त्याचे घनफळ शून्य आणि पृष्ठफळ अनंत असते असे सर्वसाधारणपणे सांगतात. यातील पहिला भाग निर्विवाद आहे, दुसऱ्याला खुलासा लागतो.

रचना : एक एकक कडेच्या घनाच्या प्रत्येक कडेचे तीन समान भाग केले की २७ लहान घन मिळतात. त्यांतून सहा पृष्ठांच्या मध्यावरचे सहा आणि केंद्रातला एक असे सात घन काढायचे. उरलेल्या २० घनांवर हीच कृती करायची, त्यांतून उरणाऱ्या ४०० घनांवर पुन्हा तीच, आणि हे अखंड चालू ठेवायचे. या सर्व टप्प्यांना समाईक असणारा बिंदुसंच म्हणजे मेंगर स्पंज. चित्रांत दिसतो तो तिसरा किंवा चौथा टप्पा असतो, स्पंज नव्हे. मूळ घनाच्या प्रत्येक पृष्ठावर सिअरपिन्स्की सतरंजी (चौरसाचे नऊ समान भाग करून मधला वारंवार वगळल्यास उरणारी आकृती) उमटते, तर घनाच्या मुख्य कर्णावर कँटर संच (रेषाखंडाचा मधला तिसरा भाग वारंवार वगळल्यास उरणारे बिंदू) उरतो. कर्णाला लंब असणाऱ्या प्रतलाने स्पंज केंद्रातून कापला, की षटकोनी छेदात सहा टोकांच्या चांदण्यांची नक्षी दिसते.

उगम : ऑस्ट्रियन गणितज्ञ कार्ल मेंगर (१९०२–८५) यांनी ही रचना १९२६ मध्ये मांडली, असे मानले जाते. व्हाक्लाव्ह सिअरपिन्स्की यांची प्रतलीय सतरंजी १९१६ मधली. फ्रॅक्टल हा शब्द मात्र बेन्वा मांदेलब्रो यांनी १९७५ मध्ये रूढ केला. म्हणजे मेंगर यांच्यापुढे फ्रॅक्टलचा प्रश्नच नव्हता. ‘वक्र म्हणजे काय?’ हा त्यांचा प्रश्न होता. १९२१ च्या वसंतात व्हिएन्नात हान्स हान यांच्या चर्चासत्रात विद्यार्थी मेंगर यांनी तो हाती घेतला आणि त्यातून मितीची (रेषेची एक, प्रतलाची दोन, घनाची तीन या अर्थाने) व्याख्या पुढे आली. क्षयामुळे अभ्यास खंडित होण्यापूर्वी त्यांनी आपल्या कल्पना मोहोरबंद पाकिटात व्हिएन्नाच्या विज्ञान अकादमीकडे ठेवल्या होत्या.

त्याच सुमारास मॉस्कोत पावेल उरिसोन यांनी जवळजवळ तीच व्याख्या स्वतंत्रपणे शोधली. १९२२ मध्ये त्यांनी निष्कर्ष थोडक्यात जाहीर केले, पण १९२४ मध्ये फ्रान्सच्या किनाऱ्यावर पोहताना ते बुडाले आणि त्यांचा सविस्तर प्रबंध मरणोत्तर छापला गेला. लाउत्सेन ब्राउव्हर यांची १९१३ मधली व्याख्या या दोघांच्याही आधीची. मेंगर काही काळ ॲम्स्टरडॅममध्ये ब्राउव्हर यांचे सहायक होते. पुढे अग्रक्रमावरून दोघांचे बिनसले. मितिसिद्धांताची मूळ व्याख्या ब्राउव्हरांची, पण सिद्धांत म्हणून उभारणी मेंगर आणि उरिसोन यांची, ही विभागणी वस्तुस्थितीला अधिक धरून वाटते. स्पंजाचे श्रेय मात्र मेंगर यांचेच.

सार्वत्रिकता : संस्थितीच्या (न तोडता, न चिकटवता ताणल्या-वाकवल्याने न बदलणाऱ्या गुणधर्मांच्या) दृष्टीने स्पंजाची मिती एक आहे, म्हणूनच त्याला वक्र म्हणतात. कोणताही संहत (ढोबळपणे, मर्यादित आणि आपल्या कडा सामावणारा), एकमितीय मापीय अवकाश (बिंदूंमधील अंतर ठरवता येते असा बिंदुसंच), मग त्याचे फाटे कितीही गुंतागुंतीचे असोत, स्पंजाच्या एखाद्या उपसंचाशी संस्थितीदृष्ट्या समरूप असतो. प्रतलात मावणाऱ्या वक्रांपुरते हे काम सतरंजीच करते. रिचर्ड अँडरसन यांनी १९५८ मध्ये स्पंजाची संस्थितिक ओळख, म्हणजे कोणत्या गुणधर्मांवरून तो ओळखावा हे, निश्चित केली. उच्च मितींतील मेंगर अवकाशांसाठी (स्पंजाच्या बहुमितीय रूपांसाठी) तसे काम म्लादेन बेस्त्विना यांनी १९८८ मध्ये केले.

पृष्ठफळाचा प्रश्न : प्रत्येक टप्प्यावर घनफळ आधीच्या २०/२७ पट होते, म्हणून ते शून्याकडे जाते. क-व्या टप्प्याचे पृष्ठफळ २(२०/९)^क + ४(८/९)^क एवढे भरते. सुरुवातीला ते ६, पहिल्या टप्प्यावर ८, दुसऱ्यावर सुमारे १३.०४ आणि तिसऱ्यावर सुमारे २४.७६. दहाव्या टप्प्यावर घनफळ मूळच्या पाच टक्क्यांच्या आसपास उरते, तर पृष्ठफळ ५,८७४ च्या वर जाते.

येथून ‘म्हणून स्पंजाचे पृष्ठफळ अनंत’ या निष्कर्षावर उडी घेतली जाते, पण टप्प्यांच्या पृष्ठफळांची सीमा आणि सीमारूप आकृतीचे पृष्ठफळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नियमित चतुष्फलकाच्या प्रत्येक पृष्ठाच्या मध्यभागी निम्म्या कडेचा चतुष्फलक बसवत गेल्यास दर टप्प्याला एका त्रिकोणाच्या जागी पाव क्षेत्रफळाचे सहा त्रिकोण येतात. पृष्ठफळ दीडपटीने वाढत अनंताकडे जाते. घनफळ मात्र मूळच्या तिप्पट होऊन थांबते, आणि सीमेत मिळतो तो साधा घन! त्याचे पृष्ठफळ अर्थातच सांत (मर्यादित) आहे. हेर्मान श्वार्त्स यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वृत्तचितीत त्रिकोण बसवून हाच सापळा दाखवला होता.

स्पंजाला अंतर्भाग नाही. त्याचा प्रत्येक बिंदू सीमाबिंदूच (कडेवरचा बिंदू) आहे, त्यामुळे रूढ अर्थाने त्याला पृष्ठभाग नाही. फेलिक्स हाउसडॉर्फ यांच्या मापाने (१९१८) हा प्रश्न नीट मांडता येतो. स्पंजाची हाउसडॉर्फ मिती (संस्थितिक मितीहून वेगळी, अपूर्णांकीही असू शकणारी) लॉग २० ÷ लॉग ३, म्हणजे सुमारे २.७२६८. ती दोनपेक्षा जास्त असल्याने त्याचे द्विमितीय माप अनंत आणि तीनपेक्षा कमी असल्याने त्रिमितीय माप शून्य. ‘अनंत पृष्ठफळ’ या शब्दप्रयोगाचा टिकणारा अर्थ एवढाच. त्रिमितीतल्या सर्व फ्रॅक्टलांना तो लागू पडत नाही: सिअरपिन्स्की चतुष्फलकात प्रत्येक टप्प्यावर निम्म्या कडेच्या चार प्रती उरतात, पृष्ठफळ जराही बदलत नाही आणि मिती नेमकी दोन येते. तोरिचेल्ली यांच्या १६४४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शिंगाशी (वक्र अक्षाभोवती फिरवून मिळणाऱ्या निमुळत्या आकृतीशी) स्पंजाची तुलना करतात. तेथे घनफळ सांत आणि पृष्ठफळ अनंत असले तरी आकृती अमर्याद लांबीची आहे, स्पंज मात्र एकक घनात मावतो.

प्रतिकृती व उपयोग : जेनीन मोझली यांच्या पुढाकाराने व्हिजिटिंग कार्डे दुमडून केलेली तिसऱ्या टप्प्याची प्रतिकृती २००६ च्या सुमारास पूर्ण झाली. तिला ६६,०४८ कार्डे लागली: ८,००० घनांना प्रत्येकी सहा, आणि उघड्या चौरसांवर लावायला १८,०४८. हा दुसरा आकडा वरच्या सूत्रातूनच येतो, कारण तिसऱ्या टप्प्याचे पृष्ठफळ १८,०४८/७२९ आहे. विद्युत्‌चुंबकीय तरंग कोंडून धरण्यासाठी स्पंजाच्या आकाराची पोकळी वापरण्याचे प्रयोग जपानमध्ये झाले आहेत.