कोलोनोस्कोपीच्या आदल्या दिवशी ताक का चालत नाही?

नागपुरात धंतोली-रामदासपेठेतल्या दवाखान्यातून कोलोनोस्कोपीची, म्हणजे मोठं आतडं दुर्बिणीने आतून पाहण्याच्या तपासणीची, तारीख मिळाली की घरचे त्या आदल्या दिवसाला उपास समजतात. मग चिठ्ठीवर 'फक्त पारदर्शक द्रव' असं लिहिलेलं असूनही ताक, दूध, साबुदाण्याची पातळ खीर, तांदळाची पेज असं सगळं समोर येतं. यातलं एकही चालत नाही.

पदार्थ पातळ असून भागत नाही, पोटात गेल्यावर त्याचं काय होतं ते महत्त्वाचं. दुधातलं केसीन हे प्रथिन जठरातल्या आम्लामुळे गोठतं आणि त्याच्या गुठळ्या जेवणाइतक्याच सावकाश पुढे सरकतात. पाणी किंवा कोरा चहा घेतला तर त्यातला निम्मा साधारण १० ते २० मिनिटांतच जठराबाहेर पडतो. म्हणून भूलतज्ज्ञ सहसा पाणी २ तास आधीपर्यंत चालवून घेतात, दुधासाठी मात्र ६ तासांचं अंतर मागतात. भुलेत जठरातलं काही वर येऊन फुप्फुसात उतरलं तर जिवावर बेतू शकतं.

घरी तपासायची सोपी रीत आहे. काचेच्या पेल्यात द्रव ओता आणि मागे वर्तमानपत्र धरा. अक्षरं वाचता आली तरच प्या. आपल्या संत्र्याचा रस इथे गरामुळे नापास होतो, कैरीचं पन्हंही. गाळलेलं लिंबूपाणी, नारळपाणी, सफरचंदाचा गाळीव रस चालतो. मुगाचं वरण न ढवळता वरचं पाणी मलमलच्या कापडातून गाळलं, तर डॉक्टरांना विचारून तेही घेता येतं. कोकम किंवा काला खट्टा नको, कारण तो लाल-जांभळा रंग आतड्यात रक्तासारखा दिसतो.

मला खरी काळजी वाटते ती पाणी कमी पिणाऱ्यांची. आतडं साफ करायला दिलेल्या रेचकामुळे वारंवार जुलाब होतात आणि मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांवर असतो. अशा वेळी ओआरएस (जलसंजीवनी) उपयोगी पडतं. लहान आतड्याच्या पेशी सोडियम आणि ग्लुकोज जोडीने आत घेतात, त्यांच्यामागे पाणी शोषलं जातं. हे प्रमाणावर चालतं, म्हणून १ लिटरचं पाकीट पूर्ण १ लिटर पाण्यातच घोळा. हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी किती प्यायचं ते आधी विचारून घ्यावं.

या आहारात प्रथिनं जवळजवळ नसतात, त्यामुळे तो एक-दोन दिवसांपुरताच. मधुमेहींनी गोळ्या आणि इन्सुलिनबद्दल तारीख ठरतानाच बोलावं. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या काही दिवस आधीच थांबवाव्या लागतात. त्या चालू ठेवून पोट रिकामं राहिलं, तर ग्लुकोमीटरवर साखर ठीक दिसत असतानाही रक्तातलं आम्ल धोकादायक पातळीवर जाऊ शकतं. मळमळ, उलटी, धाप अशी लक्षणं दिसली तर तपासणीची वेळ होण्याची वाट न पाहता लगेच दवाखाना गाठा.