पडती भिंत, उघडी खिडकी : मूक विनोदपटांची पार्श्वभूमी

वादळाने गाव उधळून लावले आहे. रस्त्याच्या मधोमध अमेरिकन मूकपटांतला विनोदी नट बस्टर कीटन भांबावून उभा आहे आणि त्याच्या पाठीमागच्या घराची दर्शनी भिंत आख्खीच्या आख्खी सुटून त्याच्या अंगावर येते. वरच्या मजल्याची खिडकी उघडी असल्यामुळे भिंत जमिनीवर आदळते तेव्हा कीटन नेमका त्या खिडकीच्या चौकटीत उभाच्या उभा राहतो. ‘स्टीमबोट बिल, ज्युनियर’ या 1928 सालच्या चित्रपटातील हा प्रसंग काही सेकंदांत संपतो, पण त्यात कॅमेऱ्याची कसलीही हातचलाखी नाही. भिंत खरी होती, तिचे वजन सुमारे दोन टन सांगितले जाते, आणि खिडकीची चौकट व कीटनचे खांदे यांच्यात जेमतेम दोन-तीन इंचांची मोकळीक ठेवलेली होती. आखून दिलेल्या जागेवरून पाऊल थोडे जरी सरकले असते, तरी तो प्रसंग त्याच्या आयुष्यातला शेवटचा ठरला असता.

ही कल्पना मात्र त्या दिवशी सुचलेली नव्हती. 1919 मध्ये रॉस्को आर्बकल या विनोदी नटाच्या ‘बॅक स्टेज’ या छोटेखानी चित्रपटात नाटकाच्या सजावटीचा रंगवलेला पडदा कोसळतो आणि आर्बकल त्यातल्या खिडकीतून सहीसलामत सुटतो. कीटन तेव्हा आर्बकलच्या चमूत होता. पुढच्याच वर्षी ‘वन वीक’ मध्ये सुट्या भागांतून उभारलेल्या घराची भिंत खुद्द कीटनवर पडते. म्हणजे एकच गंमत नऊ वर्षांत तीनदा आली आणि दर खेपेला भिंत अधिक जड होत गेली. मूक विनोदपटांचा इतिहास बराचसा असाच घडला आहे. नव्या कल्पनांपेक्षा जुन्या कल्पना पुनःपुन्हा हाताळून, त्यांचा नेम अधिकाधिक अचूक करण्यावर त्या मंडळींचा भर होता.

या सवयीचे मूळ रंगमंचावर आहे. कीटनचे आईवडील अमेरिकेतील व्हॉडव्हिल या विविधरंगी करमणुकीच्या खेळांत काम करीत आणि मुलगा चालू-बोलू लागताच त्यालाही त्यांनी खेळात घेतले. त्याच्या कपड्यांना मागे सुटकेसची मूठ शिवलेली असे. तिला धरून वडील त्याला रंगमंचावर इकडून तिकडे फेकत. आपण हसलो की प्रेक्षक हसत नाहीत आणि तोंड कोरे ठेवले की ते पोट धरून हसतात, हे त्या पोराने तेव्हाच हेरले, आणि पुढे जगभर गाजलेला तो निर्विकार चेहरा त्यातून घडला. अटलांटिकच्या पलीकडे इंग्लंडमध्ये फ्रेड कार्नो याची मूकाभिनयाची मंडळी होती. चार्ली चॅप्लिन आणि स्टॅन लॉरेल हे दोघेही तिच्यात तयार झाले. रोजच्या खेळात तीच पडझड करताना कुठे किती क्षण थांबायचे याचे गणित अंगात मुरते, आणि ते मुरल्यावरच ही माणसे कॅमेऱ्यासमोर आली.

पडद्यावरचा पहिला विनोद त्याआधीचा आहे. ल्युमिएर बंधूंनी 1895 मध्ये पॅरिसमध्ये दाखवलेल्या चित्रफितींत एक माळी नळीने बागेला पाणी घालत असतो, एक पोरगा नळीवर पाय ठेवतो, पाणी थांबते, माळी नळीच्या तोंडात डोकावतो आणि पोरगा पाय काढून घेतो. ही गंमतही उसनीच होती. फ्रेंच व्यंगचित्रपट्ट्यांतून ती आधीच छापून आलेली होती. पुढे फ्रान्समध्येच मॅक्स लिंडर या टापटीप पेहरावाच्या नटाने एकच पात्र चित्रपटामागून चित्रपटात आणले आणि चॅप्लिनने त्याला जाहीरपणे गुरू मानले.

अमेरिकेत 1912 मध्ये मॅक सेनेट याने कीस्टोन कंपनी काढली. तिचे पाठलाग, धडपडणारे पोलीस आणि फेकाफेकी आज थोडी कंटाळवाणी वाटते, हे मान्य करायला हरकत नाही. पण त्याच गोंधळात 1914 च्या फेब्रुवारीत चॅप्लिनचे ‘भटक्या’ हे पात्र प्रथम लोकांसमोर आले. कॅलिफोर्नियातील व्हेनिस येथे मुलांच्या गाड्यांची शर्यत चालू आहे, तिचे चित्रीकरण करणारा कॅमेरा लावलेला आहे, आणि ढगळ विजार, तोकडा कोट, मोठाले बूट घातलेला एक माणूस पुनःपुन्हा कॅमेऱ्याच्या आड येतो. त्याला हाकलले की तो अत्यंत साळसूदपणे परत येतो. कथा एवढीच. त्या वेळी चॅप्लिनला आठवड्याला 150 डॉलर मिळत. 1916 मध्ये म्युच्युअल कंपनीने त्याला आठवड्याला 10,000 डॉलर आणि वर 1,50,000 डॉलरची रक्कम देऊ केली. दोन वर्षांत एवढी झेप घेणे शक्य झाले, कारण त्याच्या विनोदाला भाषांतर लागत नव्हते. दृश्यांमधल्या मजकुराच्या पाट्या बदलल्या की तेच रीळ कोणत्याही देशात चाले. आपल्याकडे ‘राजा हरिश्चंद्र’ 1913 मध्ये प्रदर्शित झाला तेव्हा त्याच्या पाट्याही हिंदी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत होत्याच.

शब्द नसल्याची अडचण या कलावंतांनी कशी सोडवली, याचा सर्वांत सुंदर दाखला चॅप्लिनच्या ‘सिटी लाइट्स’ मध्ये आहे. आंधळी फूलवाली भटक्याला श्रीमंत समजते, इतके साधे सूत्र. पण जिला दिसत नाही तिचा हा गैरसमज व्हावा कसा? चॅप्लिनने तो प्रसंग शेकडो वेळा चित्रित केला आणि अखेर उत्तर सापडले ते मोटारीच्या दाराचे. भटक्या वाहनांच्या गर्दीतून वाट काढताना उभ्या मोटारीच्या एका दाराने आत शिरून दुसऱ्या दाराने फूलवालीसमोर उतरतो, दार लावल्याचा आवाज तिच्या कानी पडतो आणि ती त्या ‘साहेबां’समोर फूल धरते. आपल्याला तो आवाज ऐकू येत नाही, तरी कळतो. बोलपट येऊन तीन वर्षे उलटली असताना, 1931 मध्ये, हा चित्रपट संवादांवाचून प्रदर्शित झाला.

हॅरॉल्ड लॉइडची वाट वेगळी होती. गोल चष्म्याचा हा साधासुधा तरुण ‘सेफ्टी लास्ट’ मध्ये, 1923 साली, उंच इमारतीवरच्या घड्याळाच्या काट्याला लोंबकळला. प्रत्यक्षात भिंतीचा देखावा इमारतींच्या गच्चीवर उभारलेला होता आणि कॅमेरा अशा बेताने लावला होता की खालचा रस्ता खरोखर दिसावा; दुरून दिसणारी चढाई काही ठिकाणी दुसऱ्याच माणसाने केली. एवढी लबाडी मान्य करूनही छातीत धडधडतेच. शिवाय 1919 मधील एका स्फोटात लॉइडने उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी गमावली होती, हे ठाऊक असले की तो काटा अधिकच नाजूक वाटू लागतो.

ऑक्टोबर 1927 मध्ये ‘द जॅझ सिंगर’ हा बोलपट आला आणि काही वर्षांतच मूकपटांचा धंदा आटोपला. कीटन 1928 मध्ये मेट्रो-गोल्डविन-मेयरच्या नोकरीत गेला आणि तिथे त्याचे स्वातंत्र्य हिरावले गेले. ज्याच्यावर त्याने पाण्यासारखा पैसा ओतला, खरे इंजिन जळत्या पुलावरून नदीत पाडले, तो ‘द जनरल’ त्या काळच्या समीक्षकांना रुचलाच नव्हता. पुढे दूरचित्रवाणीवर हे चित्रपट दिसू लागले तेव्हा त्यांचे आणखी एक नुकसान झाले. मूकपटाचा कॅमेरा हाताने दांडा फिरवून चालवला जाई आणि सेकंदाला सोळा-अठरा चित्रचौकटी असे त्याचे मान अनेकदा असे. बोलपटाच्या चोवीस चौकटींच्या वेगाने तेच रीळ दाखवल्यावर माणसे तुरुतुरु धावू लागली. विनोदासाठी वेग मुद्दाम वाढवला जाई हेही खरे, पण कुठे किती, हे नट आणि छायाचित्रकार मिळून ठरवत. सरसकट घाई त्यांनी कधीच योजली नव्हती.

याहून मोठा घात झाला तो साठवणीत. त्या काळची नायट्रेटची फिल्म सडते आणि भडकन पेटते. लॉइडच्या स्वतःच्या बंगल्यातील साठ्यालाच 1943 मध्ये आग लागली. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या 2013 मधील पाहणीनुसार त्या देशातील सुमारे 70 टक्के पूर्ण लांबीचे मूकपट कायमचे नाहीसे झाले आहेत. उरले त्यात योगायोगाचा वाटा मोठा आहे. कीटनने सोडलेले घर पुढे जेम्स मेसन या नटाने घेतले आणि तिथे त्याला कीटनच्या चित्रपटांची रिळे सापडली. 1949 मध्ये जेम्स एजी या समीक्षकाने ‘लाइफ’ साप्ताहिकात या विनोदवीरांवर सविस्तर लेख लिहिला, 1962 मध्ये पॅरिसच्या सिनेमाथेक या चित्रपट-संग्रहालयाने कीटनचे चित्रपट पुन्हा दाखवले, आणि 1966 च्या फेब्रुवारीत मरण येण्याआधी त्याला आपले पुनरागमन पाहता आले. लॉरेल-हार्डींच्या ‘द बॅटल ऑफ द सेंच्युरी’ मधली, ‘पाय’ नावाच्या हजारो मलईदार गोड पदार्थांच्या फेकाफेकीची दुसरी रीळ हरवली असेच सारे धरून चालले होते. ती 2015 मध्ये एका संग्रहात सापडली, 1927 साली फेकलेल्या मलईसकट.