ग्लासात पाणी चढतं, ते ऑक्सिजन संपल्यामुळे नाही

ताटलीत पाणी, मधोमध पेटती मेणबत्ती, वर उपडा काचेचा ग्लास. ज्योत विझते, पाणी चढतं. ‘ऑक्सिजन जळून गेला, त्याची जागा पाण्याने घेतली, म्हणून हवेत ऑक्सिजन एक पंचमांश’ असं शाळेत पिढ्यान्‌पिढ्या शिकवलं गेलं.

हवेत ऑक्सिजन सुमारे २१ टक्के असतो, हे खरं. पण हा प्रयोग ते दाखवत नाही. ऑक्सिजन १६ टक्क्यांच्या आसपास आला की ज्योत विझते. बाकीचा आतच राहतो. शिवाय जळताना कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि तो पाण्यात सावकाश विरघळतो.

मग पाणी का चढतं? नीट बघा. ज्योत जळत असताना पाणी जेमतेम हलतं, विझल्यावर मात्र झपकन वर येतं. ग्लास ठेवताना आतली हवा तापून फुगलेली असते, कधी काठाखालून बुडबुडेही निसटतात. ज्योत विझली की ती हवा थंड होऊन आकसते, वाफेचं पाणी होतं आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी आत ढकलतो.

तीन मेणबत्त्या लावून पाहा, पाणी जास्त चढेल. हवेतला ऑक्सिजन तर तेवढाच होता! मुलांना हा प्रयोग जरूर दाखवा, पण खऱ्या कारणासकट.